शुद्धीवर ये, दाजीबा

१६ नोव्हेंबर १९५८, रविवार

काल शाळा सुटल्यावर मागच्या काजीत, काजूच्या झाडांखाली, सातवीतली दोन पोरं आडवी पडलेली सापडली. एकाला खांद्याला धरून बसवलं तर तो माझ्याकडे बघून हसायला लागला. म्हणाला, "मास्तरांनू, आज तुमी दोन दोन कशे इलास?" तेरा वर्षांचं पोर. तोंडाला असा वास की माझंच डोकं गरगरलं.

दारूबंदी होऊन नऊ वर्षं होत आली. कागदावर मुंबई राज्यात थेंब मिळत नाही. आमच्या गावात देवळामागे मिळतो, डोंगरात मिळतो, खाडीच्या काठी तर विचारूच नका. पूर्वी मोठे बापये प्यायचे ते निदान उघड्यावर. आता सगळा चोरीचा मामला, आणि चोरीच्या कामाला पोरं बरी, कारण पोलीस पोरांना हटकत नाही. बाटली इकडून तिकडे पोचवता पोचवता पोरं बूच काढायला शिकली.

आज देवळात बैठक घेतली. मी म्हटलं, पोरांना नुसतं 'पिऊ नका' सांगून भागणार नाही, संध्याकाळी जायला जागा पाहिजे, एखादं केंद्र. मल्लखांब, चार पुस्तकं, एक रेडिओ, वर कौलं. माझी मामलेदार कचेरीत चौकशी झाली आहे. गाव जेवढी रक्कम उभी करील तेवढीच सरकार घालील, पण मार्चअखेरच्या आत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवायला पैसे पडत नाहीत.

२३ नोव्हेंबर, रविवार

वर्गणीसाठी दोन वाड्या पालथ्या घातल्या. एकाने तीन नारळ दिले, त्यातला एक नासका. दुसरा म्हणाला, भात विकलं की देतो. तिसऱ्याने मला ओटीवर बसवून पाऊण तास दारूचे दुष्परिणाम सांगितले आणि पाणी देऊन वाटेला लावलं. त्याच्या स्वतःच्या तोंडाला वास येत होता.

भाई बरोबर होते म्हणून मी गप्प बसलो. भाईंचं कट्टा गावच्या बाजारात दुकान आहे. गावात चार पैसे असलेला आणि ते बाहेर काढणारा हा एकच माणूस, म्हणून बैठकीत नेमलेल्या मंडळाचे अध्यक्ष तेच. परतताना म्हणाले, "मास्तर, आमचो माणूस वर्गणीक हात आखडता घेता. पण नाटक म्हटलां तर कंबरेचो सोडून दितलो. तुमी एक नाटक लिवा."

माझ्या मनातलंच बोलले. पंधरा वर्षं मी दुसऱ्यांच्या लग्नाची मंगलाष्टकं लिहीत आलो आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

नाटक लिहून झालं. नाव 'शुद्धीवर ये, दाजीबा'. मी पाच अंकी लिहिलं होतं, भाईंनी तीन करायला लावलं. आत्महत्येच्या विचारावरचं माझं चार पानांचं भाषण गेलं. जाऊ दे.

कथा साधी आहे. दाजीबा चांगला कष्टाळू गडी. संगतीने बाटली धरतो, शेत जातं, बैल जातात, शेवटी अंगणात मरून पडतो आणि म्हातारी आई त्याला हलवून हलवून म्हणते, शुद्धीवर ये, दाजीबा. इथे बायका रडल्या नाहीत तर मी मास्तरकी सोडीन.

अडचण एकच. दाजीबा करायला कोणी तयार होईना. जे पितात त्यांना लोक हसतील अशी भीती, जे पीत नाहीत त्यांना झोकांड्या जमत नाहीत. शेवटी घरातूनच आवाज आला. गुरुदास दारात उभा राहून म्हणाला, "मी करतंय दाजीबा."

गुरुदास माझा एकुलता मुलगा, पंधरा सरून सोळावं लागलं. जूनमध्ये नववीत नापास झाला, तेव्हापासून घरी आहे आणि तेव्हापासून आम्ही जेवणाच्या पानावरसुद्धा एकमेकांकडे बघत नाही. मास्तराचा मुलगा नापास. लोक तोंडावर बोलत नाहीत एवढंच. मी म्हटलं, बघूया.

७ डिसेंबर, रविवार

तालीम शाळेतच घेतो. म्हातारीचं काम काशीबाईच्या सत्यवानाला दिलं आहे. काशीबाईचा नवरा गेला, ती शेताच्या दोन कुणग्यांत भात करते आणि एकट्या पोराला वाढवते. पोर सहावीत, आवाज अजून फुटलेला नाही. केसांना तांदळाचं पीठ लावून वाकून उभा राहिला की थेट म्हातारी.

गुरुदासाने मात्र नाक कापलं. झोकांडी द्यायची तर हा पायात काटा मोडल्यासारखा चालतो. वाक्यं पाठ, पण देवळातल्या पोथीसारखी म्हणतो. मी शेवटी चिडून सगळ्यांसमोर म्हटलं, "हां नट न्हय, ओंडक्याक धोतर नेसवलेलां आसा." पोरं खो खो हसली. तो खाली मान घालून उभा राहिला. थोडं जास्तच बोललो काय? पण शिस्त लावायला कोणीतरी बोललं पाहिजे.

१३ डिसेंबर, शनिवार

आज चमत्कार झाला. गुरुदास तालमीला उशिरा आला, मी बोलणार तेवढ्यात त्याने काम सुरू केलं आणि मी बोलायचंच विसरलो. डोळे जड, जीभ थोडी लोंबती, पाय कुठे पडेल याचा नेम नाही. एका वाक्यावर मध्येच थांबून हसला, ते हसू मी लिहिलेलं नव्हतं. शिपाई बाबू हातातला कंदील तसाच धरून बघत राहिला.

मी विचारलं, "खंय शिकलंस रे?" म्हणाला, "बघून." बरोबर आहे. नटाने आजूबाजूला बघायला पाहिजे, मी नेहमी सांगतो.

घरी येताना मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो दचकला. केव्हापासून ठेवला नव्हता कोण जाणे. आनंदीला सांगितलं, तुझ्या मुलात गुण आहे. ती भाकरी थापता थापता हसली. आज घर घरासारखं वाटलं.

२८ डिसेंबर, रविवार

काल मसुऱ्याला पहिला प्रयोग. एवढी माणसं जमली की पुढच्यांना मांडी घालायला जागा नव्हती.

आमच्याकडे नाटकात बक्षीस द्यायची रीत आहे. काम आवडलं की माणूस उठतो, पेटीवाल्याकडे पैसे देतो, खेळ तिथेच थांबतो, नाव पुकारलं जातं आणि खेळ पुन्हा तिथूनच सुरू होतो. मला ही रीत आवडत नाही, रसभंग होतो. पण काल दाजीबाने पेला तोंडाला लावला आणि चार माणसं एकदम उठली. "अमुक अमुक यांजकडून दाजीबास आठ आणे, मंडळ आभारी आहे." मागून कोणी ओरडला, "दाजीबा, आजून एक घे रे!" आणि हशा. माझ्या उपदेशाच्या भाषणाला एक पैसा पडला नाही.

दारू म्हणून बाटलीत शहाळ्याचं पाणी असतं. ते गुरुदास स्वतः भरतो, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. म्हणतो, नटाचं सामान नटाने सांभाळावं. कामाच्या बाबतीत इतका काटेकोर होईल असं मला वाटलं नव्हतं.

११ जानेवारी १९५९, रविवार

कट्ट्याचा प्रयोग भाईंच्या ओळखीने झाला, गल्ला चांगला. भाई म्हणाले, "मास्तर, लोकांक बक्षीस दिवक एक पेलो पुरणा नाय. दुसरो घाला." मी आधी नाही म्हटलं. मग रात्रभर विचार केला की हे पैसे कशासाठी आहेत? कौलांसाठी. सकाळी दुसऱ्या पेल्याचा प्रवेश लिहून टाकला. दाजीबा पहिल्या पेल्यानंतर बाटली ठेवतो, आईची शपथ आठवून रडतो आणि पुन्हा उचलतो. प्रवेश खरोखर चांगला उतरला आहे.

आनंदी म्हणाली, "गुरू सकाळपासून तीन तांबे पाणी प्यालो. उजेड डोळ्यांक सोसणा नाय तेका." मी म्हटलं, जागरण. नटांचं असंच असतं. अलीकडे पान खायचा नाद लागला आहे त्याला, तेवढा मोडायला पाहिजे.

१ फेब्रुवारी, रविवार

जामसंड्याचा प्रयोग तीन पेल्यांचा केला. तिसरा पेला मी तिथेच, रंगपटात बसून लिहिला. दाजीबा तिसऱ्यानंतर बोलत नाही, नुसता प्रेक्षकांकडे बघतो. अशी शांतता पसरली की बत्तीची फरफर ऐकू येत होती. मग पैशांचा पाऊस. देवगडचा एक वकील मुद्दाम आत येऊन म्हणाला, मुलाला पुण्याला पाठवा. मी गुरुदासाकडे बघितलं. तो पडद्याच्या दोरीला धरून उभा होता आणि माझ्याकडेच बघत होता, वकिलाकडे नाही.

परतताना ट्रकात मागे पोरांनी गाणी म्हटली, सत्यवानाचा आवाज सगळ्यांत वर. काल वर्गात मात्र तो बाकावर डोकं टेकून झोपला. मी उठवलं नाही. पोरं गावासाठी झिजताहेत.

संध्याकाळी काशीबाई वाटेत भेटली. म्हणाली, "मास्तरांनू, माझो झील तुमच्या नाटकात आसा म्हणान माका घोर नाय. सांजेचो खंय आसता ता माका म्हायत आसता." केंद्राला अजून एक कौल चढलेलं नाही, तरी काम सुरू झालं म्हणायचं.

२२ फेब्रुवारी, रविवार

आनंदीशी भांडण झालं. लग्नाला अठरा वर्षं झाली, ती अशी कधी बोलली नव्हती. म्हणाली, "गुरूक जामसंड्याक माझ्या भावाकडे धाडूया. नाटक पुरे झालां."

मी म्हटलं, "आता? मार्च तोंडार इलो!"

"तुमी बरां म्हणतलास म्हणान तो कायय करतलो. तुमका कळणा नाय?"

"मगे बापसान बरां म्हणूचां नाय?"

ती काहीतरी बोलणार होती. पदर तोंडाला लावला आणि चुलीकडे वळली. बायकांना वाटतं नाटकात गेलेला मुलगा वाया गेला. मी तिला समजावून सांगितलं की ज्या वयात दुसऱ्यांची पोरं काजीत लोळताहेत त्या वयात आपला मुलगा त्यांच्यासाठी जागा उभी करतो आहे. तिने ऐकून घेतलं. पटलं की नाही, माहीत नाही.

८ मार्च, रविवार

मामलेदारसाहेब येत्या शनिवारी प्रयोगाला येणार, आमच्याच गावात. गावाची रक्कम जवळजवळ पुरी झाली आहे. साहेबांचं मत पडलं की सरकारी अर्धं मिळालंच. उतरायची सोय शाळेत केली आहे. बाबूने भिंतींना चुना काढला. मला तीन दिवस धड झोप नाही.

१४ मार्च, शनिवार

प्रयोग झाला. साहेब खूष आहेत. शेवटच्या प्रवेशाला त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. अनुदानाची शिफारस करतो असं सगळ्यांसमोर बोलले.

गुरुदास दमला आहे. बाबूने आणि मी धरून घरी आणलं. झोपला आहे. आनंदी उशाशी बसून आहे. दोनदा म्हणाली, "डॉक्टराक बोलवया." मी म्हटलं, दमलाय, सकाळी उठेल. दिवा बारीक कर म्हटलं तर करत नाही.

साहेब शाळेत निजले आहेत. सकाळी सातला चहा पाठवायचा.

१६ मार्च, सोमवार

गुरुदास काल पहाटे गेला.

२ एप्रिल, गुरुवार

आज लिहायला बसलो आहे. इथे खोटं लिहायचं कारण नाही, इथे कोणी येत नाही.

त्या दिवशी माझं स्वागताचं भाषण लांबलं. पडद्यामागे आलो तेव्हा घसा कोरडा पडला होता. टेबलावर दाजीबाची बाटली भरून ठेवलेली होती. शहाळ्याचं पाणीच ते, म्हणून मी उचलून तोंडाला लावली.

फेणी होती. जीभ पोळली. मी आयुष्यात दारू चाखली नव्हती, तरी कळायला क्षण लागला नाही.

गुरुदास कोपऱ्यात मिशी चिकटवत होता. त्याने आरशातून मला बघितलं आणि हात खाली घेतला. मी विचारलं, "ह्यां कधीपासून?"

तो म्हणाला, "तुमी ओंडको म्हणालास, तेच्या दुसऱ्या दिसापासून." मग म्हणाला, "बाबा, ह्याच्याशिवाय माका येणा नाय."

रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो पेन्सील मोडली म्हणून सांगावं तसं म्हणाला, माझ्याकडे बघत, मी काय म्हणतो याची वाट बघत.

बाबूने तिसरी घंटा दिली. पुढे साहेब बसले होते. चार महिने मी घरोघर फिरलो होतो. बाटली ओतून टाकली असती, विहिरीचं पाणी भरलं असतं, तर तो ओंडका झाला असता आणि प्रयोग पडला असता. एवढंच माझ्या डोक्यात आलं. दुसरं काही आलं नाही. मी बाटली होती तिथे टेबलावर ठेवली आणि विंगेत जाऊन उभा राहिलो.

त्याने तीन पेले घेतले. मी लिहिलेले तीन. बक्षिसांसाठी खेळ थांबायचा तेव्हा लोक आणखी मागायचे, आणि तो आणखी घ्यायचा. शेवटच्या प्रवेशात दाजीबा अंगणात कोसळतो, तसा तो कोसळला. सत्यवान त्याला हलवत होता. पडदा पडला, टाळ्या थांबेनात, आणि तो उठला नाही. साहेब आत आले, त्याच्याकडे वाकून बघत म्हणाले, "गुरुजी, मुलगा जन्मजात नट आहे. अजून भूमिकेतून बाहेर येत नाही." मी हसलो. मी खरंच हसलो.

मसुऱ्याला डॉक्टर आहे. तिकडची वाट शाळेवरून जाते. शाळेच्या पडवीत साहेबांचे कारकून निजले होते. डॉक्टर आला असता तर त्याला वास आला असता, सकाळी साहेबांच्या कानावर गेलं असतं की दारूबंदीच्या मास्तराचा मुलगा दारू पिऊन पडला आहे. म्हणून मी म्हटलं, सकाळी उठेल. पहाटे त्याला उलटी झाली, ती घशात अडकली. आम्ही त्याला उपडा करीपर्यंत संपलं होतं. आनंदी त्याची पाठ चोळत राहिली, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. सात वाजता बाबू चहाची किटली न्यायला आला.

मी माझ्या मुलाला मारलं. हे कुठेतरी लिहून ठेवायला पाहिजे होतं.

१९ एप्रिल, रविवार

गावात दोन मतं आहेत. काही म्हणतात ताप मेंदूत गेला. बाकीचे म्हणतात, "मेल्याचां सोंग घेतल्यान, आणि मास्तरांनी आधी देवाक गाऱ्हाणांसुद्धा घालूक नाय." मी सुधारक म्हणून नाटकाआधी देवापुढे रक्षणाचं गाऱ्हाणं घालू दिलं नव्हतं, हे खरं आहे. काल एक म्हातारा दारात येऊन मला त्यावरून वाटेल ते बोलून गेला. मी खाली मान घालून ऐकलं. बरं वाटलं. कोणीतरी मला बोलत होतं.

अनुदान मंजूर झालं. भाई सांगायला आले, डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "केंद्राक गुरूचां नाव दिवया. आणि साहेबांचां म्हणणां आसा, नाटक तालुकाभर होवक व्हया, खर्च सरकार करतला. पावसाच्या आधी दोन-तीन खेळ तरी." मी हो म्हटलं. नाही कशाच्या जोरावर म्हणू?

भाई गेल्यावर आनंदी आतून म्हणाली, "दाजीबा कोण करतलो?" मी म्हटलं, बघू. तिच्या तोंडून महिन्यात हे पहिलंच वाक्य.

३ मे, रविवार

सकाळी सत्यवान आला. अंगणात उभा राहून म्हणाला, "मास्तरांनू, दाजीबा मी करतंय. माका येता. बगा."

आणि त्याने करून दाखवलं. डोळे जड, जीभ थोडी लोंबती. मध्येच थांबून हसला. सकाळचे नऊ वाजले होते, ऊन अंगणभर होतं, आणि सातवीत जाणारं ते पोर पाऊल कुठे टाकतंय याचा त्याला पत्ता नव्हता. दोन पावलं पुढे आला तेव्हा वास आला.

मागे असंच बघून मी मुलाच्या पाठीवर हात ठेवला होता.

मी त्याला पायरीवर बसवलं. विचारलं, "कोणी दिल्यान?"

"आज माझां मीच हाडलंय, काजीतसून. आदी गुरूदादा माका दी होतो. बाटलेत उरलेला. सगळ्या खेळांका." मग घाबरला. "आवशीक सांगू नकात हां, मास्तरांनू. मी बरां काम करीन."

बरं काम करीन. मी त्याचा हात धरला आणि तसाच काशीबाईकडे घेऊन गेलो. वाटेत तो दोनदा ओकला. दोन्ही वेळा मी त्याला कुशीवर धरलं आणि त्याच्या घशात बोट घालून पाहिलं, मोकळा आहे ना म्हणून.

काशीबाई अंगणात शेणी थापत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ओंडका म्हटल्यापासून ते सकाळच्या चहापर्यंत काही गाळलं नाही. तिचा मुलगा माझ्यामुळे प्यायला लागला हेही सांगितलं. तिने शेणाचे हात धुतले, पोराला आत नेऊन निजवलं, बाहेर आली. मला वाटलं ओरडेल. ओरडायला पाहिजे होतं.

ती म्हणाली, "मगे तुमी डॉक्टराक कित्या नाय बोलावलास?"

"साहेब शाळेत निजले होते."

तिने दार लोटून घेतलं. "आनंदीवयनीक सांगितलास?"

"नाय."

"मगे हंय कित्या इलास? पयला थंय जावा."

येताना भाईंच्या घरी थांबलो. त्यांना सांगितलं की उद्या मालवणला जाऊन साहेबांना सगळं सांगणार, नाटक पुन्हा होणार नाही. अनुदान ठेवायचं की परत घ्यायचं ते साहेबांनी ठरवावं. भाई म्हणाले, "मास्तर, गेलेलो परत येणा नाय. केंद्र जातला, तुमची नोकरी जातली. जी पोरां काजीत पडतत ती पडतली." सगळं खरं आहे. मार्चमध्ये मीही हेच म्हटलं असतं. मी म्हटलं, "भाई, सत्यवान आज सकाळी प्यालेलो इलो." ते खाली बसले.

घरी आलो तेव्हा आनंदी मागच्या पडवीत कोकमाचे रातांबे फोडत होती. हात मनगटापर्यंत लाल. मी तिच्यासमोर बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो. बाटली मी परत टेबलावर ठेवली इथपर्यंत आलो तशी ती थांबली.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "पिता ता माका माघापासून म्हायत होतां. सांगूक इलंय तर तुमी भाषण केलास. त्या राती तेच्या तोंडाक वास होतो, तो काय माका कळाक नाय? मी दोनदा डॉक्टर म्हटलंय. तुमी नको म्हटलास. आणि मी आयकलंय."

मी म्हटलं, "चूक माझी आसा. तुझी नाय."

"तेची आवस असान आयकलंय. दारात बाबू होतो, तेका धाडूक येय होतां. धाडूक नाय." तिने पुढचा रातांबा उचलला, पण फोडला नाही. "तुमी काशीबाईक सांगितलास. भाईक सांगितलास. उद्या सायबाक सांगतलास. मी कोणाक सांगू?"

मी परातीतला एक रातांबा उचलला आणि फोडायला लागलो. थोड्या वेळाने ती उठली आणि परात घेऊन आत गेली.